पैज जिंकलेला तुकडा

मी टायटॅनियमचा एक जुना, मधोमध कापलेला तुकडा आहे. मित्रांनो, डोंगरात अडकलेल्या माणसांना हेलिकॉप्टरमधून दोरीने वर ओढतात ना, ती दोरी तोलून धरणारा आधार मी होणार होतो.

बास्क मुलखातल्या एल्गोईबारच्या एका कारखान्यात मी घडलो. असा आधार करण्याच्या दोन रीती तिथली कारागीर नेकाने आणि तिचा सोबती सिगोर यांना ताडून पाहायच्या होत्या. नेकानेच्या रीतीत सगळं एकाच यंत्रात व्हायचं: लेसरने धातूची पूड वितळवून थर चढवायचा, तिथेच कातून गुळगुळीत करायचा, की पुन्हा थर. सिगोरच्या रीतीत एका यंत्रावर जाड तार वितळवून ओबडधोबड आकार उभा करायचा आणि तो दुसऱ्या यंत्रावर नेऊन कातायचा. काम सावकाश तपासण्याचं होतं. पण आमच्या गावात दोघे एकाच कामाला लागले की पैज लागलीच. मागे राहील त्याने शुक्रवारी गावच्या जेवण-मंडळाच्या स्वयंपाकघरात सगळ्यांना रांधून घालायचं.

कातताना मी तापू नये म्हणून माझ्यावर कूलंट, म्हणजे गार करणारं द्रव, सोडत. पुढचा थर चढण्याआधी मला अगदी कोरडं करणं भाग होतं. सिगोर पुढे चाललाय असं दिसताच नेकानेने एकदा ते वरवर उरकलं. ती ओल माझ्या पोटात बुडबुडे होऊन राहिली.

नेकाने पैज जिंकली, आणि शुक्रवारी सिगोरने मासा रांधला. मी टेबलावर हातोहात फिरलो.

"हा बघ, आरसा. आणि तुझा तुकडा तुझ्यासारखाच खडबडीत," म्हणत लोकांनी त्याची भरपूर खेचली. नेकाने हसत होती. मला मात्र तोंड लपवायला जागा नव्हती.

सोमवारी एक्स-रे काढला आणि माझं बिंग फुटलं.

"बारीक भोकं आहेत, भट्टीत दाबून बुजवू," साहेब एरामुन म्हणाला. "तेवढ्यासाठी टाकून कशाला द्यायचा?"

नेकानेने मान खाली घातली होती. "दोरीला लटकलेल्या माणसाला हे सांगशील तू?" ती म्हणाली. "रीत वाईट नाही. घाई मी केली. कापा त्याला."

सिगोर आता टोमणा मारणार असं मला वाटलं. "माझा मासा परत करशील," एवढंच तो पुटपुटला आणि त्याने करवत आणली.

त्याचा खडबडीत तुकडा आज दोरी तोलतो. मी नेकानेच्या टेबलावर असतो. कारखान्यात नवं कुणी आलं की ती आधी मला हातात देते आणि पोटातली भोकं दाखवते. पूर्वी वाटायचं, मला कुणीतरी पालथं ठेवावं. मित्रांनो, लाज अजून वाटते. पण माझी चकचकीत बाजू पाहू नका, कापलेली पाहा.