'एक्सक्यूज मी'चा नाच

क्लिफर्ड हॅवर्थ इंग्लंडातल्या आमच्या बर्नली गावच्या कापडगिरणीत माग दुरुस्त करायचा. मेव्हिसशी त्याचं लग्न ठरलं आणि तिच्या हौसेखातर तो दर शनिवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमधल्या नाचाला जाऊ लागला. नाच काही त्याला जमत नव्हता. ओठ हलवत पावलं मोजायचा. मेव्हिस हसून सांभाळून घ्यायची.

त्याला धडकी भरायची ती 'एक्सक्यूज मी'च्या नाचाची. त्यात कुणीही येऊन नाचणाऱ्या पुरुषाच्या खांद्याला हात लावायचा, "एक्सक्यूज मी, मे आय?" म्हणायचं आणि त्याची जोडीदारीण घेऊन जायची. विचारायची ती परवानगीच, पण नाही म्हणायची सोय नव्हती. तसं म्हणणारा गावंढळ ठरायचा.

डेझमंड पिकप नुकताच लष्करातून परतून विम्याच्या कचेरीत लागला होता. तो नेमका क्लिफर्डच्याच खांद्याला हात लावायचा, तोही कोटावरची धूळ झटकावी तसा. वर "इफ यू डोन्ट माइंड, क्लिफर्ड," असं जोडायचा. क्लिफर्डच्या पोटात आग पडायची. तोंडानं मात्र तो "छे, छे, खुशाल," म्हणायचा आणि भिंतीशी जाऊन उभा राहायचा. तिथून त्याला मेव्हिस दिसायची. मान किंचित मागे, डोळे मिटलेले. क्लिफर्डबरोबर नाचताना तेच डोळे सतत खाली असायचे, बूट वाचवण्यात.

खरं तर तोही डेझमंडच्या खांद्याला हात लावून तिला परत मागू शकत होता. घरी आरशासमोर त्यानं ते शब्द घोळवूनही पाहिले. पण आपल्याच माणसाची भीक आपण का मागायची, या विचारानं तो भिंतीपासून हलायचाच नाही. मग घरी परतताना तो तिलाच खोदून खोदून विचारायचा, नाचताना डेझमंड काय बोलतो म्हणून. ती सांगायची, हवापाण्याचं. त्याला ते पटायचं नाही.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी खांद्यावर पुन्हा तो हात पडला.

"नाही," क्लिफर्ड म्हणाला. "माझी हरकत आहे."

आजूबाजूच्या जोड्या थबकल्या. डेझमंडचा चेहरा लालबुंद झाला. मान लववून तो मागे सरला. मेव्हिसनं क्लिफर्डच्या हातातून आपला हात सोडवून घेतला, कोट उचलला आणि ती सरळ बाहेर पडली.

क्लिफर्डनं तिला रस्त्यावर गाठलं. त्या माणसाला कधीतरी समजायलाच हवं होतं, असं काहीतरी तो म्हणू लागला.

"त्यानं तुला विचारलं, तू त्याला उत्तर दिलंस," मेव्हिस म्हणाली. "मला विचारलंत कुणी? मी काय हॉलमधली खुर्ची आहे, इथं कुणी बसलंय का म्हणून चौकशी करायला?"



"मग तुला विचारतो," क्लिफर्ड म्हणाला. "तुला नाचायचंय डेझमंडबरोबर?"

ती नाही म्हणेल, अशी त्याची खात्री होती.

"हो. छान नाचतो तो. लग्न मात्र मला तुझ्याशीच करायचंय. झेपेल तुला?"

"माहीत नाही," क्लिफर्ड म्हणाला. ते खरंच होतं.

तिला ते उत्तर आवडलं असावं. ती त्याचा हात धरून परत वळली.

हॉलमध्ये क्लिफर्डनं डेझमंडची माफी मागितली. मग मेव्हिस स्वतः डेझमंडसमोर गेली आणि तिनंच त्याला नाचायला येतोस का, असं विचारलं. क्लिफर्ड चहाचा कप धरून उभा होता. ती आपणहून गेली, हे त्याला खांद्यावर पडणाऱ्या त्या हातापेक्षा जास्त झोंबलं. चहा गार झाला, पण त्यानं नजर वळवली नाही. नाच संपल्यावर ती येऊन त्याच्या शेजारी बसली आणि तिनं गरम झालेले पाय बुटांतून बाहेर काढले.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचं लग्न झालं. ती दुसऱ्या कुणाबरोबर नाचायला उठली की क्लिफर्डच्या पोटातली ती आग पेटायचीच. म्हातारपणीसुद्धा ती विझली नाही. उठण्याआधी मेव्हिस त्याच्याकडे एकदा बघायची, आणि तो म्हणायचा, "जळतोय मी. जा तू."