तळाचं चार बोटं पाणी

मिस्बाला माझ्याच पाण्यानं झालं का? सात दिवस या एका विचारानं माझा डोळा लागलेला नाही. टाकीला डोळा कुठला, असं तुम्ही म्हणाल. खरंय. पण झोप उडायला डोळेच लागतात असं थोडंच आहे!

मी टाकी बोलतेय. काळी, प्लास्टिकची, पाच हजार लिटरची. पाटोद्यातल्या एका सहकारी सोसायटीच्या मैदानावर, कोपऱ्यातल्या ओट्यावर बसलेली. माझा जन्म कारखान्यात, साच्यात गरगर फिरून झाला. त्यामुळे मी नेमकी कुठं सुरू होते, हे मला अजूनही सांगता येत नाही.

मी आले तेव्हा इथं क्रिकेट चालायचं आणि लग्नाचे मांडव पडायचे. मग सोसायटीचे चेअरमन मोहनराव यांनी ठरवलं, या मैदानाचं निसर्ग उद्यान करायचं. कारंजं नको, हिरवळ नको. आपल्या मातीत टिकणारी झाडं. लिंब, करंज, आपटा, बोर, हिवर. साठ घरं, साठ रोपं. प्रत्येक घरानं आपला खड्डा आपल्या हातानं घेतला.

उद्घाटनाला मला बाहेरून घासूनपुसून माझ्या पोटावर पांढऱ्या रंगात लिहिलं, 'झाडे जगवा'. आत कुणी डोकावलं नाही. मीही म्हटलं, एवढा मान मिळतोय, तर कशाला तोंड उघडा?

पुढच्याच वर्षी पाऊस फिरकला नाही. बोअर आटलं. चार दिवसांआड टँकर यायचा, माझ्यात रिता व्हायचा आणि माझ्यापुढं घागरींची रांग लागायची. माझ्या तोटीच्या कुलपाची किल्ली होती गौसियाकडं. मेकॅनिक अजीजची बायको, बारावी झालेली, पाच वर्षांच्या मिस्बाची आई. ती स्वतःच्या घरालाही अर्धी घागर जास्त देत नसे, म्हणून किल्ली तिच्याकडं.

माझी तोटी तळापासून चार बोटं वर आहे. ती गळायची थांबली की लोक म्हणतात, "संपली टाकी." पण तळाला चार बोटं पाणी उरतंच. गढूळ, गाळाचं. गौसिया खालचं बूच काढून ते बादल्यांत धरायची आणि रोपांना घालायची. मिस्बा आपल्या आपट्याशेजारी उकिडवी बसून त्याला "पी, पी" म्हणायची. सगळा तालुका करपत असताना साठ रोपं त्या चार बोटांवर तग धरून होती.

मग टँकर नऊ दिवसांवर गेला. मैदानातच बैठक बसली.

"आमची लेकरं कोरड्या तोंडानं निजत्यात, आन् ही बाई झाडायला पाजती," म्हाताऱ्या छबुबाईनं तोंड सोडलं. "कावून? झाडं काय मतदान करत्यात?"

लोक हसले. मोहनरावांनाही हसू आवरलं नाही.

"काकी, ते प्यायचं पाणी न्हाई," गौसिया म्हणाली. "त्याच्यासंगं गाळ निघून जातो. बूच बंद केलं तर टाकी धुवावी लागंल."

"धुवायला चार घागरी जातील, गौसियाबी," मोहनराव म्हणाले. "त्या कुणाच्या घरच्या द्यायच्या, तुमीच सांगा. पाऊस पडला की धुऊ."

 

ठराव झाला. बूच उघडायचं नाही. तळाचं पाणी तळालाच राहू द्यायचं, म्हणजे पुढचा टँकर आला की तोटीतून दहा-बारा घागरी जास्त मिळतील. मोहनरावांनी बुचाला तार गुंडाळली. त्यांचा स्वतःचा लिंबही त्या साठांत होता.

हिशोब बरोबर निघाला. घागरी खरंच वाढल्या. पण वरून पाणी पडायचं आणि तळाचा गाळ ढवळून वर यायचा. पाचव्या टँकरला पाणी चहासारखं झालं. आजवर झाडं माझं पोट धुवून देत होती, हे मला तेव्हा कळलं. ओरडायला मला तोंड नव्हतं. म्हणजे होतं, पण त्याला कुलूप होतं.

चार घरांत उलट्या-जुलाब सुरू झाले. मिस्बा इतकी गळाली की तिला बीडला नेऊन सलाईन लावावी लागली. उकळल्याशिवाय पाणी प्यायचं नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी तिला बजावलं. परवा छबुबाई गेली. वयच झालं होतं, असं सगळे म्हणाले.

आज सकाळी मोहनरावांनी पकडीनं तार तोडली. बुचातून काळं पाणी आलं, मग तांबूस. साठांतली अकरा रोपं उरलीत. त्यांत मिस्बाचा आपटा आहे. एक फांदी तेवढी ओली.

तुमच्या वस्तीत माझ्यासारखी कुणी असेल, तर तिच्या पोटावर काय लिहिलंय ते वाचत बसू नका. झाकण काढा, आत बघा. चार घागरी गेल्या तर जाऊ द्या.

दुपारी मिस्बा घरी आली. मनगटाला चिकटपट्टी, मान आईच्या खांद्यावर. गौसियानं तिला ओट्यावर बसवलं, बुचाखालची बादली उचलली आणि आपट्याशी नेऊन तिरकी केली.

"थांब अम्मी," मिस्बा म्हणाली, "उकळलं का ते?"