हुतात्म्यांचं गुलाबी रक्त

सकाळी दहाच्या सुमारास भिंतीला पाझर फुटला आणि गावच्या जुन्या कोठीत दाटीवाटीने उभ्या असलेल्या तीनशे माणसांची तोंडं उघडीच राहिली. ताज्या चुन्यावर आधी बारीक थेंब आले, मग ते एकमेकांत मिसळून खाली ओघळू लागले. साक्षीबुवांनी डोळे मिटले, तांब्याच्या गडूत बोटं बुडवली, काहीतरी पुटपुटले आणि भिंतीवर मंतरलेल्या पाण्याचा सपका मारला. ओघळ बघता बघता लाल झाले. पुढच्या रांगेतली एक म्हातारी घेरी येऊन खाली बसली. फौजदारांनी टोपी काढली. बर्फाच्या कारखान्याचे शेठ, ज्यांच्या घरी बुवांचा महिनाभर मुक्काम होता, त्यांनी सर्वांना दिसेल अशा बेताने डोळे पुसले.

"चाळीस जण," बुवा म्हणाले. आवाज असा, की जणू चाळिसांतले निम्मे त्यांच्याच घशात अडकलेत. "पल्याडच्यांनी चाळीस जणांना या भिंतीत जिवंत चिणलं. दोनशे वर्षं ते गप्प राहिले. आज ते रडतायत आणि माझ्या कानात एकच शब्द सांगतायत. जागा. आमची जागा आम्हाला मोकळी करून द्या."

मागे, दाराशी, चुन्याची बादली आणि कुंचला घेऊन एक म्हातारा गवंडी उभा होता. भिंत सरळ आहे का ते दाखवणाऱ्या ओळंब्यासारखं सरळ ते सरळच म्हणायचं, या त्याच्या सवयीमुळे सगळं गाव त्याला ओळंबा म्हणायचं. मेलेल्या माणसांना दोनशे वर्षांनी जागेची अडचण व्हावी आणि ती नेमकी धक्क्यालगतच्या गल्लीचीच हवी असावी, याचं त्याला मोठं नवल वाटलं. त्यातच त्या गल्लीत सातवं घर त्याच्या लेकीचं होतं.

उत्तरेच्या त्या किनाऱ्याचा इतिहास सांगावा तर लाज वाटते, न सांगावा तर पुढचं कळत नाही. देव दोघांचाही एकच, ग्रंथ एकच. भांडण एवढंच, की प्रार्थनेला बसताना समुद्राकडे तोंड करायचं की पाठ. नदीच्या अल्याड तोंडवाले, पल्याड पाठवाले. एवढ्याशा कारणावरून त्यांनी तीस वर्षं एकमेकांची गलबतं जाळली, विहिरी बुजवल्या, पोरं पळवली. देवाने या सगळ्यात कोणाकडे पाठ केली होती हे विचारायला कोणी उरलंच नाही. शेवटी दोघांकडची धान्याची कोठारं रिकामी झाली तेव्हा कुठे शहाणपण सुचलं आणि तह झाला. पुढे पोटापाण्यासाठी पल्याडची काही कुटुंबं अल्याड आली, होड्यांची इंजिनं दुरुस्त करू लागली, आणि धक्क्याजवळ त्यांची अकरा घरांची गल्ली झाली. ओळंब्याच्या लेकीने तिथला एक कारागीर पसंत केला. तेव्हा त्याने दोन दिवस तोंड पाडलं, तिसऱ्या दिवशी जावयाच्या घराला स्वतः गिलावा करून दिला.

आता या गल्लीचं काय करायचं याची यादी तयार झाली होती. येत्या रविवारी भिंत पुन्हा रडेल, तेव्हा कोठीतच शपथ घ्यायची: पाठवाल्यांना कोणी मासळी विकायची नाही, काम द्यायचं नाही, त्यांचं पोर शाळेत शेजारी बसवायचं नाही. म्हणजे घरं आपोआप मोकळी होतील. यादीवर सह्या पडत होत्या. दोन कुटुंबं वाट न पाहता पल्याड निघूनही गेली होती. लेकीने भांडी गोणत्यात भरायला घेतली होती. ती बापाला एवढंच म्हणाली, "अण्णा, आम्ही गेलो तर तुम्ही नदी ओलांडून याल का हो?"

त्या सकाळी गर्दी पांगल्यावर त्याने कोठी आवरायला घेतली. बुवांच्या गडूच्या तळाशी थोडं पाणी राहिलं होतं. अर्धं त्याने, वाया कशाला घालवा म्हणून, कुंचला धुवायला आपल्या बादलीत ओतलं. बादलीतला चुना गुलाबी झाला.

ओळंब्याने बादलीत वाकून पाहिलं. त्या बादलीत तर कोणी हुतात्मा चिणलेला नव्हता.

उरलेलं पाणी बाटलीत भरून तो थेट शाळेत गेला. त्याची मेहुणी तिथे विज्ञान शिकवायची. तिने प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं, एका पेल्यात चुन्याची निवळी घेतली, दुसऱ्यात साबणाचं पाणी, आणि दोन्हींत बाटलीतले चार थेंब टाकले. दोन्ही पेले लाल. मग लिंबू पिळलं. लाल रंग नाहीसा झाला.

"हे आमच्या कपाटातसुद्धा आहे, भाऊजी," ती म्हणाली. "पांढरी पूड असते, स्पिरिटमध्ये विरघळवतात. पाण्यासारखी दिसते, पण चुना, सोडा असलं काही भेटलं की लाल होते. आम्ही पोरांना शिकवायला वापरतो. पूर्वी हीच पूड जुलाबाच्या गोळ्यांत घालायचे."

"म्हणजे सगळा गाव जुलाबाच्या औषधापुढे रडतोय."

"हो. पण लाल व्हायला चुना ताजा लागतो. जुन्या, वाळलेल्या चुन्यावर रंग नीट येत नाही."

तेव्हा ओळंब्याला कोडं सुटलं. बुवा दर वेळी आदल्या दुपारी भिंतीला चुना फासायला लावायचे. शुद्धीसाठी, असं म्हणायचे. चुना जितका मुरेल तितका चांगला हे लहान पोरालाही कळतं. आणि इथे तो भिंतीवर ओला असतानाच सोहळा. त्याने दोनदा सांगून पाहिलं होतं, तर बुवांचा शिष्य त्याच्यावर खेकसला होता. मेहुणी म्हणाली, फौजदारांकडे जाऊ. ओळंबा हसला. टोपी काढून उभे राहिलेले फौजदार आता ती कोणत्या तोंडाने घालणार होते?

"पण भाऊजी, पाझराचं काय? तो तर खरा आहे ना?"

"तो खरा आहे," ओळंबा म्हणाला. "त्याचं रविवारी सांगतो."

शनिवारी दुपारी समुद्रावरून दमट वारा सुटला आणि बुवांचा निरोप आला, की हुतात्मे उद्या नक्की प्रकट होणार. दमट वाऱ्याशिवाय हुतात्म्यांना कधीच गहिवर येत नसे. ओळंब्याने कोठीत जाऊन काम केलं. भिंतीवर त्याने चुन्याऐवजी सरसाचा गोंद घातलेली पांढरी माती ओढली. दिसायला तीच, उलट थोडी जास्तच देखणी. चुना मात्र वाया घालवला नाही. बुवा ज्या दगडी चौथऱ्यावर उभे राहून बोलत, त्याला त्याने दोन जाड हात दिले.

रविवारी कोठीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेठ यादी छातीशी धरून पुढे उभे. लेक आणि जावई दाराशी, अंग चोरून. भिंतीला पाझर फुटला. बुवांनी डोळे मिटले, सपका मारला.

पाणी पाण्यासारखंच ओघळत राहिलं.

बुवांनी एक डोळा उघडला. दुसरा सपका मारला. मग तिसरा. लोक कुजबुजू लागले. "हुतात्मे रुसले आहेत," बुवा म्हणाले, "तुमच्यात कोणीतरी संशयी आहे." आणि अख्खा गडूच भिंतीवर रिकामा केला. त्यातलं निम्मं पाणी परतून चौथऱ्यावर आलं, आणि बुवांच्या पायांखालचा चौथरा लालभडक झाला. ते घाईने खाली उतरले. फरशीवर त्यांच्या ओल्या पावलांचे गुलाबी ठसे उमटले. अंगरख्याच्या काठाला चुना लागला होता, तोही रंगला. चाळीस हुतात्मे भिंत सोडून एकदम बुवांच्या अंगरख्यात शिरले होते.

ओळंबा पुढे आला. शिष्याने त्याला धरायचा प्रयत्न केला, तर जावयाने शिष्यालाच धरलं. इंजिनं उचलणारे हात होते ते. मग मेहुणीने पेले मांडले, आणि जे शाळेत करून दाखवलं होतं तेच तीनशे लोकांसमोर करून दाखवलं. तिने लिंबू पिळलं तेव्हा रंग गेला, आणि लोकांच्या चेहऱ्यावरचाही गेला. त्या औषधाचा मूळ उपयोग तिने सांगितला तेव्हा मागे कोणीतरी फिसकन हसलं.

पण श्रद्धा लवकर मरत नाही. शेठ म्हणाले, "रंगाचं राहू दे. भिंत रडते आहे हे तर समोर दिसतंय. हे अश्रू कुठून आले?"

"वाळूतून," ओळंबा म्हणाला. "ही भिंत आमच्या खापरपणजोबांनी बांधली, तह झाल्याच्या पुढच्या वर्षी. लढाई संपल्यावर. तेव्हा तिच्यात जिवंत चिणायला लढाईतली माणसं परत कुठून आणायची होती ते तुमच्या बुवांना विचारा. चांगली वाळू नदीची, आणि ती मिळते पल्याडच्या काठाला. पण आपल्या शहाण्या पूर्वजांनी शपथ घेतली होती, पाठवाल्यांकडून वाळूचा कणसुद्धा घ्यायचा नाही. मग आणली समुद्राची वाळू, तीही न धुता. गवंड्यांनी सांगून पाहिलं, कोणी ऐकलं नाही. त्या वाळूतलं मीठ अजून भिंतीत आहे. दमट वारा सुटला की ते पाणी ओढून घेतं आणि भिंत घामाघूम होते. ज्याला हुतात्म्यांचे अश्रू म्हणता, तो आपल्याच आजोबा-पणजोबांचा हेका आहे. खोटं वाटत असेल तर चाटून बघा."

कोणी पुढे येईना. शेवटी मागच्या खेपेला घेरी येऊन खाली बसलेली ती म्हातारी पुढे झाली, भिंतीवरून बोट फिरवून जिभेला लावलं आणि म्हणाली, "मिठासारखं आहे."

मग दुसरा आला, तिसरा आला. पाच मिनिटांत निम्मा गाव भिंत चाटत होता. तीनशे माणसांनी एक महिना आधी हे केलं असतं तर बुवांना दुसरं गाव शोधावं लागलं असतं. बुवा मात्र एक वाजताच्या लाँचने निघून गेले. निरोप द्यायला शेठही गेले नाहीत.

संध्याकाळपर्यंत गावात एकही भाविक उरला नाही. जो तो म्हणत होता, मला आधीपासून संशय होता. फौजदार तर म्हणाले, की ते तपासासाठीच पुढच्या रांगेत उभे राहत असत. काही जण ओळंब्याचं कौतुक करायला लेकीच्या घरी आले. लेक गोणत्यातली भांडी काढून मांडणीवर लावत होती. तिने विचारलं, "अण्णा, गोणती बांधायला आणलेल्या या दोरीचं काय करू?"

"नीट गुंडाळून ठेव," ओळंबा म्हणाला.

आलेल्यांपैकी एकजण ओशाळून म्हणाला, की आता बुवा गेला, कशाला मनात ठेवता. तेव्हा ओळंबा त्यांच्याकडे वळला.

"बुवा परका होता. महिनाभर राहिला, गेला. यादी तुमच्या हातची आहे. तुम्हाला रसायन येत नाही, मलाही येत नाही. त्यात लाज नाही. पण भिंतीतून रक्त आलं असं कोणी सांगितलं तर हात लावून बघायला, वास घ्यायला, एखाद्या मास्तरणीला विचारायला काय जातं? आणि तेवढंही जमत नसेल तर एकच विचारा. हा चमत्कार झाल्यावर घर कोणाचं रिकामं होणार आहे, आणि त्यात राहायला कोण येणार आहे? एवढं विचारलंत तरी निम्मे देव आणि सगळे बुवा गप्प बसतील."

मग त्याने मेहुणीला कागद काढायला सांगितला. निघून गेलेल्या त्या दोन कुटुंबांना परत बोलावणारं पत्र तिने तिथेच लिहिलं. आमची चूक झाली, घरं तुमचीच आहेत, या, एवढाच मजकूर. पत्र घरोघर फिरलं. कोणाला चष्मा सापडला नाही, कोणी म्हणालं उद्या बघू, कोणाच्या घरी मोठं माणूस नव्हतं.

गल्ली रिकामी करायच्या यादीवर दोनशे ऐंशी सह्या होत्या. या पत्रावर नऊ झाल्या.