शनिवारच्या वर्गातला मागचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. पण विद्यार्थ्यांचा नव्हे. माझ्यावर प्राध्यापक बसायचे, आणि तेही शिकायला.

आष्ट्याच्या आकाराम सुतारांनी मला बाभळीच्या लाकडातून घडवलं. माझी पाठ त्यांनी जराशी मागे कलती ठेवली, म्हणून तास-दोन तास बसलं तरी कुणाची कंबर अवघडत नसे. टेम्पोत पडून मी विट्याजवळच्या एका महाविद्यालयात आलो. पहिल्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत मला सगळ्यांत मागे ठेवलं. तिथं दर शनिवारी दुपारी इतिहासाचे लालासाहेब सर प्राध्यापकांचा वर्ग भरवत. नव्यानं लागलेल्या प्राध्यापकानं फळ्यापाशी उभं राहून वीस मिनिटं शिकवायचं आणि बाकीच्यांनी विद्यार्थी होऊन ऐकायचं. सर माझ्यावर बसत. मध्येच कुणाला अडवत नसत. तास संपला की आधी चांगलं काय झालं ते सांगत, मग काय सुधारायचं ते.

एका शनिवारी पल्लवी मॅडम आल्या. आटपाडीकडच्या, मेंढपाळ घरातल्या. त्यांच्या घरातून कॉलेजला गेलेल्या त्या पहिल्याच. वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेली, पण फळ्यापाशी चार वाक्यं बोलून झाली आणि पुढं आवाजच फुटेना. खडू हातातून पडला. कुणीतरी हसलं. सरांनी शांतपणे विचारलं, बियांचा प्रसार तुमच्या आईला सांगायचा झाला तर कसा सांगाल? मॅडमनी पडलेला खडू उचलला. मग म्हणाल्या, "आई, कुसळ मेंढराच्या लोकरीत रुततं न्हवं, ते उगंच न्हाई रुतत. त्याला फुडच्या रानात जायाचं असतंय."

मग तास संपेपर्यंत खोलीत कुणी हललं नाही. मघाशी हसलेले प्राध्यापकही वहीत काहीतरी लिहून घेऊ लागले.

पुढं मॅडम विभागप्रमुख झाल्या. विभागप्रमुखांसाठीही लालासाहेब सरांनी महिन्यातली एक दुपार राखून ठेवली होती. चिडलेल्या सहकाऱ्याशी कसं बोलावं, तासांची वाटणी करताना कुणावर अन्याय होऊ नये म्हणून काय करावं, नको त्या कागदावर सही मागितली तर नाही कसं म्हणावं, असं सगळं तिथं निघे. कधी कुणी रडेही. कोण, ते मी आजवर सांगितलेलं नाही. ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले.

मग सर निवृत्त झाले, आणि दुसऱ्याच वर्षी वारले. तपासणीची समिती येणार म्हणून फायली ठेवायला जागा हवी होती, त्यात आमची खोली गेली. प्राध्यापकांचं प्रशिक्षण मोबाइलवर होऊ लागलं. धनाजी शिपाई सांगायचे, की लोक कॅमेरा बंद करून जेवतात आणि शेवटी प्रमाणपत्र घेतात. माझ्यावर फायलींचे गठ्ठे रचले गेले.

अशात पल्लवी मॅडम प्रभारी प्राचार्य झाल्या. अडलं तर विचारावं असं आता त्यांना कुणी उरलं नव्हतं. त्याच वर्षी रसायनशास्त्राला अमृत सर लागले, तासिका तत्त्वावर. हुशार माणूस, पण वर्गात आवाज कापायचा. मुलं हसायची. कुणीतरी मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ काढला आणि तो गावभर फिरला. तक्रारी वर गेल्या. मॅडमनी संस्थेकडे दोन महिने मागितले, शनिवारचा वर्ग पुन्हा सुरू करू द्या म्हणाल्या. एवढा वेळ नाही, त्यांचे तास बंद करा, असं उत्तर आलं. मॅडमनी त्या कागदावर सही केली. फायली लावता लावता धनाजी हे दुसऱ्या शिपायाला सांगत होते, तेव्हा मला कळलं.

दोन दिवसांनी अमृत सर मुलांच्या प्रयोगवह्या ठेवायला खोलीत आले. मागोमाग मॅडम आल्या. त्यांनी स्वतःच्या हातानं गठ्ठे खाली उतरवले आणि दोघं माझ्यावर बसले. मग मॅडमनी विचारलं, आता पुढं काय.

"मामाचं गलाईचं दुकान हाय कोइमतूरला," अमृत सर म्हणाले. "सोनं गाळायचं काम. तिथं लय बोलावं लागत न्हाई."

मॅडमनी मान खाली घातली. मग त्यांनी आपल्या पहिल्या तासाची सगळी हकिकत सांगितली. आपलाही आवाज याच खोलीत फुटेनासा झाला होता आणि एका माणसानं ऐकून घेतलं म्हणून आपण टिकलो, असं म्हणाल्या. अमृत सरांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते मॅडमकडे बघत राहिले.

"मग मॅडम," त्यांनी हळूच विचारलं, "माझा तास ऐकायला तुमी एकदाबी का आला न्हाई?"

विचारण्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. अमृत सरांनी वह्या नीट रचल्या, नमस्कार केला आणि ते गेले. मॅडम माझ्यावर तशाच बसून राहिल्या. त्यांचं रडणं बाहेर ऐकू गेलं नसेल. माझ्या फळ्यांना मात्र ते कळत होतं.

समितीनं महाविद्यालयाला चांगला दर्जा दिला. दिवाळीनंतर मॅडमनी अमृत सरांना परत बोलावून पाहिलं. ते आले नाहीत. खोलीत अजून फायलीच आहेत.

मित्रांनो, तुमच्याही वर्गात नवे सर येतील, नव्या मॅडम येतील. त्यांचा आवाज कापेल, फळ्यावर चूक होईल. तेव्हा मोबाइल बाहेर काढू नका. शिकवणाऱ्यालाही शिकावं लागतं. आणि उद्या तुम्ही मोठ्या खुर्चीवर बसलात, तर आपल्या हाताखालच्या माणसाचं काम बघायला एकदा जा, गुपचूप मागं बसा आणि ऐका. फार वेळ लागत नाही. अमृत सरांना तेवढाही मिळाला नाही.