मावशींच्या मीटरवर

मावशींनी फ्रिज विकला, पंखा उतरवला, संध्याकाळी दिवा लावायचंही सोडलं. तरी बिल काही उतरेना. या खेपेला ते भरलं नाही तर वीज तोडणार होते. म्हणून मीटर तपासणाऱ्या बाई आल्या तशा मावशींनी त्यांना जिन्यातच गाठलं.

"मावशी, चोरून हीटर लावता की काय?" बाई हसल्या.

"हो तर! अंघोळ गार पाण्याने करते आणि हीटर शोभेला ठेवते!"

बाईंनी घरातली सगळी बटणं बंद करायला लावली. तरीही मीटरवरचा तांबडा ठिपका धाप लागल्यासारखा लुकलुकतच राहिला. बाईंचं हसू मावळलं. त्यांनी मावशींचा फ्यूज उपसला.

त्याबरोबर अख्खी इमारत गप्प झाली. वरच्या मजल्यावरचं गाणं अर्ध्यात तुटलं, पंपाची घरघर थांबली, जिना काळोखात बुडाला. सगळ्यांच्या तारा मावशींच्याच मीटरवर आल्या होत्या.

एकेक दार उघडलं. शेजारी पायऱ्यांवर येऊन उभे राहिले. काय झालं, असं कोणीच विचारलं नाही.

"लावा ना ताई परत," अंधारातून कोणीतरी अगदी गोड आवाजात म्हणालं. "इतकी वर्षं कुठे काय बिघडलं होतं?"

एक पाऊल खाली वाजलं. मग आणखी एक.

मावशींनी बाईंच्या मुठीतून फ्यूज काढून घेतला, त्यांना आत ओढलं आणि कडी घातली.

"पोरी, ऑफिसला कळव, माझी वीज आजच तोडा म्हणावं. बघू तरी, बिल भरायला कोण कोण धावतं!"