उंबऱ्याबाहेरचा सूट

"कांगारू गवत खातो का?" अण्णांनी विचारलं.

ते उंबऱ्याच्या आत उभे होते, सुबोध बाहेर. सुबोधच्या दोन्ही हातांवर रेसिंगचा चामडी सूट आडवा पडला होता, पाय लोंबत, बेशुद्ध नातेवाइकासारखा.

"खातो, अण्णा. गवतच खातो."

"रवंथ?"

सुबोधने बायकोकडे बघितलं. देविकाने मोबाइलमध्ये बघितलं. "अधूनमधून करतो," ती म्हणाली.

अण्णा विचारात पडले. झाशीत लक्ष्मी गेटजवळ राहणारे सुबोधचे वडील गजाननराव म्हणजे शहरातल्या उरल्यासुरल्या मराठी घरांचे भटजी. त्यांचे पूर्वज कधीतरी पूजा सांगायला इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. येताना आणलेल्या नियमांपैकी एक अजून शाबूत होता: चामडं उंबऱ्याच्या आत येणार नाही. सुबोधचा पट्टा आणि पाकीट जिन्यातल्या कोनाड्यात राहायचं. चोरांची उत्तम सोय होती, पण इतक्या वर्षांत गल्लीतले चोरही ओळखीचे झाले होते.

सुबोध रेल्वेच्या ऑफिसात क्लार्क. चाळिशीला टेकलेला. वर्षातून एकदा-दोनदा रजा टाकून तो चेन्नईजवळच्या ट्रॅकवर मोटरसायकलच्या शर्यतीत उतरायचा. पहिल्या दहात तो एकदाच आला होता. त्या दिवशी पाऊस होता आणि बाकीचे पडले होते. सूट नसेल तर तिथे गाडीला हातही लावू देत नाहीत. म्हणून तो सूट चार वर्षं इलाइट चौराह्यावर मधु भैयाच्या दुकानात टांगलेला असायचा. मधु भैया बँडवाल्यांचे कपडे भाड्याने देतो.

घोळ तिथेच झाला. दुकानातल्या नव्या नोकराने सूट प्रेम नगरच्या एका वरातीला देऊन टाकला. ट्रम्पेटवाला भर मे महिन्यात तो घालून वाजवत निघाला आणि तिसऱ्या गाण्याला रस्त्यावर आडवा झाला. वऱ्हाडाला तो नाचाचाच भाग वाटला. त्यांनी त्याच्यावरून नोटा ओवाळल्या.

"लड़का नया हतो, पंडितजी," मधु भैया स्वतः येऊन अण्णांना सांगून गेला, "बैंड की ड्रेस समझके दे दओ. अब आप ही रख लो. हमसे नईं होत."

त्यामुळे आता सूट दारात आणि, सुबोधने तो कांगारूच्या चामड्याचा असल्याचं सांगितल्यामुळे, कांगारू चर्चेत.

"मुंजीत बटूला मृगाजिन देतो आपण," अण्णा म्हणाले. "हरणाचं. कांगारू हे एका प्रकारचं हरीणच."

"उड्या मारणारं," सुबोध म्हणाला.

"मग हरीण काय रांगतं? शास्त्रात त्याचं नाव नाही, म्हणजे निषेधही नाही. राहू दे बाहेरच्या खोलीत. फक्त देवघराकडे तोंड करून टांगू नकोस."

सूटला तोंड नव्हतं. तरी सुबोधने तो भिंतीकडे वळवून टांगला.

कांगारूच्या चामड्याचे सूट मिळतात, पण ते फार महाग. सुबोधने कोल्हापूरच्या एका रायडरकडून जुना घेतला होता. तो गाईच्या चामड्याचा होता.

संध्याकाळी गच्चीवर कपडे काढताना देविकाने विषय काढलाच. ती ग्वाल्हेरची, शाळेत गणित शिकवणारी. "गाईचं आहे ना ते?"

"हो."

"आणि बाजूच्या खोलीत ते रोज गोमातेला नैवेद्य दाखवतात. सांगून टाक त्यांना."

"सांगितलं तर सूट जाईल. सूट गेला की संपलं सगळं."

"मग संपू दे की. मागच्या खेपेला कॉलरबोन मोडून आलास. तीन महिने मी तुझे शर्ट चढवले. तिथे मिळतं काय तुला? जिंकतही नाहीस."

सुबोध चिमटे गोळा करत राहिला. "ऑफिसात दिवसभर मी 'बघू' म्हणतो," तो म्हणाला. "साहेब म्हणतात बघू, मी खाली सांगतो बघू. तिथे वळणाच्या तोंडाशी 'बघू' म्हणता येत नाही. शिरलं की शिरलं. तेवढा वेळ मी पूर्ण असतो गं."

"आणि पडलं की पडलं," देविका म्हणाली आणि बादली उचलून खाली गेली.

पुढच्या महिन्यात तो निघाला तेव्हा अण्णाही पिशवी घेऊन तयार होते. "घरात ठेवायचं तर कशासाठी, ते एकदा बघायला नको?" धोतर, टोपी, पिशवीत दशम्या. ट्रॅकवर पोचल्यावर कोणीतरी त्यांच्या पाया पडलं, मग रांग लागली. शर्यतीआधी पाच गाड्यांना गंध लागलं होतं आणि एक तमिळ मेकॅनिक त्यांना कुंडली विचारत होता. अण्णा खूश होते.

शर्यत सुरू झाल्यावर ते कुंपणाशी उभे राहिले. सगळ्या गाड्या सारख्याच दिसत होत्या, पण सुबोध त्यांना ओळखू आला. लहानपणी सायकलवर बसायचा तसाच, डावा खांदा पाडून. त्याने वळणावर एकाला मागे टाकलं. पुढच्याच वळणावर आणखी एकाला. अण्णांच्या तोंडून "वा!" निघून गेलं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, कोणी ऐकलं नव्हतं.

पुढच्या फेरीत मागचा रायडर त्याच्यावर येऊन आदळला. गाडी एकीकडे गेली. सुबोध पाठीवर डांबरावरून घसरत निघाला. अण्णांना वाटलं आता थांबेल, पण तो जातच होता. कडेच्या खडीत जाऊन तो पडून राहिला. मग उठून बसला. अण्णा कुंपणाला धरून उभेच होते. ट्रॅकवरच्या मार्शलने त्यांची बोटं सोडवली आणि त्यांना उपचारांच्या तंबूत नेलं.

डॉक्टर सुबोधचा उजवा हात गळ्यात बांधत होते. कॉलरबोन पुन्हा मोडलं होतं. बाकी काही नाही. इंदूरचा एक म्हातारा मेकॅनिक सूट हातात घेऊन उलटापालटा करत होता. पाठीवर चामडं घासून कागदाएवढं उरलं होतं. आतला बनियन मात्र पांढराशुभ्र.

"देखिए पंडितजी," तो म्हणाला, "असली गाय का चमड़ा है. हल्का माल होता तो पीठ की खाल नहीं बचती."

"गाय?"

"सौ टका गाय."

सुबोधने डोळे मिटले. डॉक्टरांना वाटलं दुखतंय. त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं.

परतीच्या गाडीत अण्णा बोलले नाहीत. नागपूरला त्यांनी चहा घेऊन दिला. इटारसीला केळं सोलून डाव्या हातात ठेवलं. झोप लागल्यावर शाल पांघरली.

घरी पोचल्यावर दारातच त्यांनी देविकाला सांगितलं, "सूट बाहेरच ठेव." आंघोळ करून ओलेत्यानेच ते जिन्याच्या चौकात आले. हातात ताम्हण, पळी, तांब्या, वाटीत काळे तीळ. दक्षिणेकडे तोंड करून बसले. सुबोध जिन्याच्या पायरीवर टेकला.

"अण्णा, मी खोटं बोललो."

"ते नंतर."

"आता काय करताय?"

"तर्पण." त्यांनी सूटकडे बोट केलं. "तिचं कोणी केलं नसेल."

देविका दारात उभी होती. "अण्णा, गाईचं तर्पण करतात?"

"शेवटी ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत सगळ्यांना पाणी देतोच आपण. मध्ये गाय येतेच." त्यांनी पुटपुटायला सुरुवात केली आणि थांबले. "गोत्र," ते स्वतःशीच म्हणाले. मग, "माहीत नसलं की काश्यप."

सुबोधने डावा हात पुढे केला. "मी देतो पाणी. माझ्यासाठी गेली ती."

अण्णांनी तो हात हळूच बाजूला सारला. "बाप जिवंत असताना मुलाने तिळाचं पाणी द्यायचं नसतं. ह्याला एक क्रम आहे, सुबोध. तो मोडायचा नसतो."

खाली गल्लीत कोणीतरी मोटरसायकल चालू केली. ती निघून जाईपर्यंत सुबोध कान देऊन ऐकत राहिला.

"मी आता नाही जाणार तिकडे, अण्णा."

"पाणी हातात घेतलंय मी," अण्णा म्हणाले. "आत्ता तरी खोटं बोलू नकोस."

अण्णांनी अंगठ्याच्या बाजूने पाणी सोडलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा काही तीळ तळव्याला चिकटून राहिले. त्यांनी हात झटकला नाही. पळीपळीने पाणी घेत, शेवटचा तीळ सुटेपर्यंत, ते सोडत राहिले.