फितीत अडकलेला नवरदेव

पंच्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात बिरोबा बाशिंग बांधून आमच्या संग्रहालयात अडकला. मांडवाच्या दारापर्यंत व्यवस्थित आला होता. तिथं फीत संपली.

संग्रहालय म्हणजे सोलापुरात चन्नप्पाशेठच्या चादरींच्या गोदामावरची लांबट खोली. भांडी, मुखवटे, जुने माग, एक पाय नसलेली पालखी. चन्नप्पाशेठ संस्थेचे अध्यक्ष, दाक्षायणीबाई संग्रहपाल आणि मी ध्वनिसहायक. या पदाचं नाव ऐकून माझ्या आईला अजून वाटतं की मी लग्नात लाउडस्पीकर भाड्यानं देतो. पुढं जे घडलं ते पाहता तिचं फार चुकलं नाही.

बाईंचं म्हणणं असं की वस्तू मुक्या असतात, त्यांच्याजवळ माणसांचे आवाजही ठेवले पाहिजेत. म्हणून संस्थेनं रीळ फिरणारं एक टेपरेकॉर्डर यंत्र घेतलं. यंत्राच्या खर्चात फीत एकच बसली. तिच्या एका बाजूवर उद्घाटनाच्या दिवशी चन्नप्पाशेठचं भाषण घेतलं. दुसऱ्या बाजूवर बाईंनी वेळापूरच्या धुळाला बोलावून धनगरी ओव्या घेतल्या.

धुळा मेंढरं राखायचा आणि गायचा. ढोल, झांजा आणि ओळीच्या शेवटी 'जी' म्हणून झील धरणारे गडी घेऊन तो दुपारी आला. पंख्याचा आवाज फितीत येतो म्हणून मी पंखा बंद केला. तेव्हापासून झीलकऱ्यांनी माझ्याकडे बघणं सोडलं. धुळानं बिरोबाच्या लग्नाची कथा लावली. देवाला हळद लागली, बाशिंग बांधलं, वऱ्हाड मांडवाच्या दारात आलं आणि रिकामं रीळ फटफट करत फिरायला लागलं. मी हात वर केला. धुळानं डोळे मिटलेले होते. त्यानं देवाचं लग्न लावलं, भंडारा उधळला, चहा घेतला आणि वेळापूरची एसटी पकडली. आम्हाला वाटलं, झालं.

बाई दर रविवारी ती फीत लोकांना ऐकवायच्या. जपून ठेवायचं आणि कुणाला ऐकू द्यायचं नाही, याला संग्रहालय म्हणत नाहीत, कुलूप म्हणतात, असं त्या सांगत. लोक यायचे. अर्धे पंख्यासाठी, पण यायचे.

एका रविवारी जेऊरचे कुंडलिक आले. धुळाची पोरगी बजा त्यांच्या मुलाला द्यायची ठरली होती. लग्नाचा बस्ता बांधायला सोलापुरात आले होते, म्हटलं पाव्हण्याचा आवाज यंत्रात कसा वाटतो ते बघावं. मांडी घालून बसले. प्रत्येक ओळीला मान हलवली. रीळ फटफटलं तशी त्यांची मान हलायची थांबली.

"फुडं?" त्यांनी मला विचारलं.

पुढं काही नाही, म्हटलं. पुढच्या रविवारी ते पुन्हा आले, बहुतेक माझ्यावर विश्वास नसावा. देव पुन्हा दारात आला आणि पुन्हा फटफट झाली. कुंडलिक उठले, पागोटं नीट केलं आणि पोराचं लग्न थांबलं असं सांगून स्टेशनकडे गेले.

त्याचं असं होतं. धुळाच्या आणि कुंडलिकांच्या, दोन्ही भावक्यांत एक रीत होती. कथेत देवाला हळद लागली की देवाचं लग्न पुरं होईपर्यंत गाणाऱ्याच्या घरातल्या कुणाला हळद लावायची नाही. माणसानं देवाच्या आधी बोहल्यावर चढायचं नाही, एवढंच.

चार दिवसांनी धुळा आला. बरोबर बजा होती आणि समजूत घालायला कुंडलिकही. समजूत कुणी कुणाची घालायची हे ठरलेलं नव्हतं.

"म्या पुरं लगीन लावलं की वो पावनं," धुळा म्हणाला. "ही बाई हाय की साक्षीला."

"तू लावलंस. यंत्रानं कुटं लावलं?" कुंडलिक म्हणाले. "दर आयतवारी देव नवरा हुतो आन दारातनं माघारी जातो. आमी तवर जेवायला बसायचं व्हय?"

मला हे म्हणणं बिनतोड वाटलं. बाईंनाही वाटलं असावं, कारण त्या खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या आणि खुशीत प्रश्न विचारू लागल्या. फीत वाजवलीच नाही तर? मग देव दारातच उभा, कुंडलिक म्हणाले. फीत पुसून टाकली तर? यावर धुळा आणि कुंडलिक पहिल्यांदा एका बाजूला झाले. बाशिंग बांधलेला नवरदेव पुसायचा म्हणजे काय, असं दोघांनी मिळून विचारलं. यंत्रातला देव आणि वेळापूरचा देव एकच का? तर एकच, पण उभा दोन ठिकाणी. बाईंनी हे सगळं कागदावर उतरून घेतलं. लग्न मोडायला आलेल्या माणसांना इतक्या आवडीनं ऐकणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

नवी फीत मुंबईहून मागवायची तर दिवाळी उजाडणार होती. कुंडलिकांना अकलूजहून दुसऱ्या पोरीचं सांगून आलं होतं. पाऊस लागायच्या आत काय ते व्हावं, असं ते शांतपणे म्हणाले. बजा आतापर्यंत पालखीच्या नसलेल्या पायाकडे बघत होती.

"बाई," ती म्हणाली, "मला जेऊरलाच जायाचं हाय."

बापानं आणि होणाऱ्या सासऱ्यानं दोन वेगवेगळ्या मुखवट्यांकडे नजर लावली. बाईंनी का म्हणून विचारलं. ते विचारायची गरज नव्हती, पण त्यांना राहवत नसे. बजा म्हणाली, त्यानं बघायला आल्यावर हुंडा, शेती काही विचारलं नाही, मेंढरांना ती कुठल्या नावांनी हाक मारते ते विचारलं. एवढं बोलून ती यंत्राकडे वळली. फितीची दुसरी बाजू मोकळी नाही का?

 दुसऱ्या बाजूवर शेठचं भाषण होतं. आणि एकदा संग्रहात आलेलं काही पुसायचं नाही हा नियम खुद्द बाईंचा होता. तो त्यांनी दारावर रंगवून घेतला होता, चप्पल काढण्याच्या सूचनेच्या वर.

"ऐकू तरी द्या," बजा म्हणाली.

मी रीळ उलटं लावलं. शेठनी संस्कृती, सोलापूर, चादर आणि पुन्हा संस्कृती या विषयांवर विचार मांडलेले होते. बजानं एक शब्द न सोडता ऐकलं. मी नोकरीत असूनही हे मला कधी जमलं नव्हतं.

"ह्याच्या फुडं काय हुतं?"

"आभार," मी म्हणालो.

"मग ह्येच्यापायी कुणाचं अडलंय?"

बाईंनी दारावरचा नियम पुन्हा एकदा वाचला. मग पदर खोचून खाली गोदामात गेल्या. मीही गेलो, कारण असं काही आपल्या आयुष्यात रोज होत नाही.

चन्नप्पाशेठ आधी कानडीत चिडले, मग मराठीत. ते दर महिन्याला वर येऊन आपलं भाषण ऐकत, आणि त्यातल्या एका जागी थांबून, इथं टाळी पडली होती, असं मला सांगत. टाळी मीच वाजवली होती. माझा आवाज पुसून धनगराचा देव, हे त्यांना पटेना. बाईंनी वाद घातला नाही. वरती एका मुलीचं लग्न अडलंय आणि ते सोडवणं फक्त तुमच्या हातात आहे, इतकंच म्हणाल्या. शेठनी चादरीचा एक गठ्ठा उगाच उलटा करून ठेवला. माझा आवाज कुठंतरी राहिला पाहिजे, असं ते अखेर म्हणाले.

धुळानं वरून ऐकलं असावं. जिन्यातूनच तो म्हणाला, "माजा एक झीलकरी मेंढरामागं गेलाय. शेटजी, तुमी झील धराल का?"

पुढचे दोन दिवस गोदामातून 'जी, जी' ऐकू येत होतं. हमालांना वाटलं शेठ त्यांना होकार देताहेत, आणि त्यांनी पगारवाढ मागून घेतली.

तिसऱ्या दिवशी धुळानं मांडवाच्या दारापासून कथा धरली. पंखा बंद. शेठ झीलकऱ्यांच्या रांगेत धोतर आवरून बसले. प्रत्येक 'जी' त्यांच्याकडून जरा उशिरा यायची, माल तपासून घेतल्यासारखी. देव मांडवात शिरला, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या. भंडारा यंत्रावरही पडला. फीत थोडी उरली तेव्हा शेठ आभार मानायला पुढं सरकले. मी बटण दाबून यंत्र बंद केलं. नोकरीत दाखवलेलं हे माझं एकमेव धाडस.

कुंडलिकांनी मात्र कानानं ऐकल्याशिवाय मानायचं नाही असं ठरवलेलं होतं. म्हणून मी फीत पहिल्यापासून लावली. हळद लागली. बाशिंग बांधलं. देव दारात आला, फटफट झाली, मी रीळ काढून उलटं बसवलं, बटण दाबलं आणि लाइट गेली.

कुणी हललं नाही. संध्याकाळपर्यंत लाइट येत नसे हे सोलापुरात सगळ्यांना माहीत होतं. जेऊरची गाडी त्याच्या आधी होती. घाम गळत होता. बजा कुंडलिकांच्या तोंडाकडे बघत होती आणि कुंडलिक रिळाकडे. देव अंधारात उभा होता, म्हणजे दुपारच्या अंधारात, पण उभा होता.

शेठनी बहुधा सवयीनं म्हटलं, "जी."

कुंडलिकांचे ओठ हलले. एवढ्या जवळ येऊन ताटकळलेला नवरदेव त्यांनाच बघवेना. खरखरीत आवाजात त्यांनी दारातली ओळ उचलली. धुळानं पुढची धरली. ढोल लागला. कुंडलिकांनी स्वतःच देवाला हात धरून मांडवात नेलं, आणि शेठची 'जी' पहिल्यांदा वेळेवर पडली.

अक्षता पडून जरा वेळ गेला आणि लाइट चुकून लवकर आली. बटण दाबलेलंच होतं. यंत्र सुरू झालं आणि देवाचं लग्न पुन्हा लागलं. कुंडलिक तेही पुरं ऐकून उठले.

"आता ह्यो कुटं माघारी जात न्हाय," ते धुळाला म्हणाले. "पावनं, हळद दळाया घ्या."

 यंत्रावरचा भंडारा बोटानं पुसून बजानं तो कपाळाला लावला.

बाईंनी दारावरच्या नियमाखाली नवी ओळ रंगवून घेतली: ही फीत सुरू केल्यास लग्न लावूनच बंद करावी, लाइट गेल्यास उरलेलं हजर असणाऱ्या कर्मचाऱ्यानं म्हणावं. हजर असणारा कर्मचारी मी. त्यामुळं मला मांडवाच्या दारापासून पुढची सगळी कथा पाठ आहे. माझा आवाज वाईट आहे असं शेठ म्हणतात, पण लाइट गेली की वर येऊन झील धरतात. त्यानंतर देव एकदाही दारात राहिलेला नाही.